उशिरा फुलणारे स्नोड्रॉप : नावाआधी पात बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराबरोबर आयती बाग मिळाली आणि तिच्यात स्नोड्रॉपचे (हिवाळा सरताना फुलणारं, पांढऱ्या घंटेसारख्या फुलाचं छोटं कंदाचं झाड) बरेच पुंजके निघाले. बहुतेक सगळे फेब्रुवारीतच फुलून जातात. पण उत्तरेच्या कुंपणालगतचा एक पुंजका मार्च निम्मा सरला तरी फुललेला असतो, त्याची फुलं मोठी आणि पात रुंद आहे. तळ्याकाठचा दुसरा तर एप्रिलअखेर फुलतो. या दोघांची नावं काय, आणि हंगाम असाच लांबवायचा तर आणखी कोणत्या जाती लावाव्यात?

तळ्याकाठचा पुंजका आधी निकालात काढू, कारण तो स्नोड्रॉप नाही. तुमच्या फोटोत एकेका दांड्यावर तीन-चार फुलं लटकलेली आहेत, झाड गुडघ्याला लागेल एवढं उंच आहे, आणि सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या असून प्रत्येकीच्या टोकाला हिरवा ठिपका आहे. हे ल्युकोजम एस्टिव्हम, म्हणजे समर स्नोफ्लेक. बागांमध्ये त्याचा 'ग्रेव्हटाय जायंट' हा दणकट प्रकार जास्त दिसतो, आणि त्याला ओल मानवते म्हणून तळ्याकाठी तो खूश आहे. स्नोड्रॉपला एका दांड्यावर एकच फूल येतं. बाहेरच्या तीन पाकळ्या लांब, आतल्या तीन आखूड आणि पेल्यासारख्या जुळलेल्या. स्नोफ्लेकमध्ये एक ल्युकोजम व्हर्नमही आहे. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा दांड्यावर एकाच फुलाने फुलतं आणि त्यामुळे जास्त फसवतं. तिथेही सहा सारख्या पाकळ्या बघितल्या की संशय संपतो. 'फार उशिराचा स्नोड्रॉप' म्हणून मला जे फोटो येतात त्यांतले बरेचसे या दोघांचेच असतात. सखल भागातल्या साध्या बागेत एप्रिलच्या मध्यानंतर पांढरी घंटा दिसली, तर आधी पाकळ्यांची लांबी बघायची.

आता कुंपणालगतचा पुंजका. तो स्नोड्रॉपच आहे यात शंका नाही. पण नाव शोधायला निघण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: तो खरोखर उशिरा फुलणारा आहे, की त्याची जागा त्याला उशीर करायला लावते?

हा फरक बहुतेकजण करत नाहीत, आणि चुकीची नावं चिकटण्याचं ते मोठं कारण आहे. उत्तरेकडच्या कुंपणाच्या सावलीत हिवाळाभर ऊन पोचत नाही, माती गार राहते, आणि अगदी साधा, नेहमीचा स्नोड्रॉप, म्हणजे गॅलँथस निवालिससुद्धा (गॅलँथस हे स्नोड्रॉपचं शास्त्रीय नाव) तिथे दक्षिणेच्या भिंतीखालच्या भाऊबंदांपेक्षा दोन-तीन आठवडे मागे पडू शकतो. कंद खोल गेलेला असला तरी उशीर होतो. शरद ऋतूत सुके कंद आणून लावले असतील तर पहिल्या वर्षी त्यांचं वेळापत्रक पार बिघडलेलं असतं. त्या वर्षीच्या तारखेवरून काहीही ठरवू नये. बर्फ बराच काळ साचून राहिला की त्याखालचं सगळंच मागे पडतं.

म्हणून उपाय एकच: त्या पुंजक्यातले काही कंद काढून तुमच्या बागेतल्या साध्या, फेब्रुवारीत फुलणाऱ्या स्नोड्रॉपच्या शेजारी, त्याच वाफ्यात, तेवढ्याच खोलीवर लावा आणि पहिलं वर्ष सोडून द्या. पुढचे दोन हंगाम दोघांच्या कळ्या कधी खाली झुकतात ते लिहून ठेवा. शेजारी 'एस. आर्नॉट' असला तर आणखी चांगलं. हा जुना, जोमदार, मधासारखा वास असलेला प्रकार पुष्कळ बागांत सापडतो आणि तो हंगामाच्या मधोमध फुलतो, त्यामुळे मापदंड म्हणून उपयोगी पडतो. शेजारी-शेजारी लावल्यावरही तुमचा पुंजका दोन आठवडे मागे राहिला, तर तो जातीनेच उशिराचा. एरवी 'माझ्याकडे १५ मार्चला फुललं' या वाक्याला दुसऱ्या बागेत काही अर्थ उरत नाही.

ओळख पटवताना लोक फूल उलटं करून हिरवी खूण बघायला धावतात. खूण महत्त्वाची आहे, पण ती सर्वांत आधी बघायची गोष्ट नाही. आधी पात बघायची, आणि तीही कोंब जमिनीतून वर येत असताना. त्या वेळी दोन पाती एकमेकींना कशा लागून आहेत, यावरून प्रजातींचे तीन मोठे गट पडतात. निवालिसमध्ये दोन्ही पाती सपाट, समोरासमोर चिकटलेल्या असतात, आणि अरुंद असतात. एल्वेसीमध्ये एक पात दुसरीला सुरळीसारखी गुंडाळून घेते. पात रुंद, राखाडी-निळसर आणि टोकाशी किंचित टोपीसारखी वळलेली. वोरोनोवी आणि इकारिए याच गुंडाळणाऱ्या गटातल्या, पण त्यांची पात हिरवी: वोरोनोवीची चकचकीत, इकारिएची गडद आणि मंद. तिसरा गट प्लिकॅटसचा. त्यात पातीच्या दोन्ही कडा पाठीमागे दुमडलेल्या असतात, इस्त्री करून घडी घातल्यासारख्या. पात मोठी झाली तरी ही दुमड बोटाला लागते. पातीच्या मधोमध फिकट राखाडी पट्टाही बहुतेकदा दिसतो.

पात उलटी करा आणि काठावरून बोट फिरवा. हे अंधारातही करता येतं, आणि फोटोतून मात्र बहुधा कळत नाही. म्हणूनच फुलाच्या नुसत्या फोटोवरून नाव सांगायला मी नेहमी कचरतो. पुढच्या वेळी कोंब दोन बोटं वर आले असतील तेव्हाचा एक फोटो, पातीच्या पाठीचा एक आणि फुलाचा एक, असे तीन काढा.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत सुदैवाने पातीची पाठ दिसते आहे, आणि कडा दुमडलेल्या आहेत. पण प्लिकॅटसमध्ये असतात तेवढ्या ठळक नाहीत. एका बाजूला स्पष्ट, दुसऱ्या बाजूला नुसती वळलेली. अशी अर्धवट दुमड दिसली की प्लिकॅटस आणि निवालिस यांचा संकर मनात येतो. हे दोघे बागेत जवळ आले की सहज संकरतात, आणि त्यांच्या संकराला वनस्पतिशास्त्रात गॅलँथस × व्हॅलेंटिनी म्हणतात. जुन्या बागांमध्ये कोणी न लावता उगवलेले अनामिक, देखणे पुंजके पुष्कळदा याच घराण्यातले.

पातीनंतर बीजकोश, म्हणजे फुलाच्या डोक्यावरची हिरवी गाठ. ती गोल आहे की लांबट, गडद की पोपटी की पिवळसर, हे टिपा. वरचा देठ कळीच्या आवरणापेक्षा लांब आहे की आखूड, तेही बघा. फूल किती डोलतं ते त्यावर ठरतं. मग बाहेरच्या पाकळ्यांचा आकार: चमच्यासारख्या आणि बुडाशी एकदम निमुळत्या, की सबंध रुंद? त्यांच्यावर हिरवी रेघ आहे का? आणि मग आतल्या पाकळीवरची खूण. निवालिसला टोकाशी उलट्या 'व्ही' किंवा 'यू'सारखी एकच खूण असते. एल्वेसीला पुष्कळदा दोन, टोकाशी एक आणि बुडाशी एक. कधी त्या एकमेकींत मिसळून 'एक्स' होतो. पण एकाच खुणेचा एल्वेसीही भरपूर असतो, म्हणून 'एक खूण म्हणजे निवालिस' हे समीकरण चालत नाही. इकारिएची खूण मोठी, जवळजवळ अर्धी पाकळी व्यापणारी, वोरोनोवीची छोटी. आतल्या पाकळीच्या टोकाला खाच आहे की नाही, हेही भिंगातून बघून ठेवा. उशिराच्या दोन रानटी प्रजाती याच खाचेवरून ओळखू येतात, त्यांच्याकडे पुढे येतोच.

एक व्यवहाराची गोष्ट. थंडीत फूल मिटलेलं असतं. साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय बाहेरच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत. एक दांडा खुडून घरात पाण्यात ठेवा, थोड्याच वेळात फूल पसरतं आणि सगळं निवांत बघता येतं. आणि फूल वाढत असतं हेही विसरू नका. पहिल्या दिवशीचं फूल आणि दहाव्या दिवशीचं फूल यांच्या आकारात चांगलाच फरक पडतो. तुलना करायची तर पूर्ण वाढलेल्या फुलांचीच करा.

आता नावं. उशिराच्या जातींमध्ये सर्वांत विश्वासाने सांगता येईल असं नाव 'स्ट्रॅफन'. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातलं स्ट्रॅफन हाउस हे त्याचं मूळ घर. क्रिमियन युद्धाच्या (१८५३–५६) सुमारास लॉर्ड क्लॅरिना यांनी क्रिमियातून आणलेल्या प्लिकॅटसच्या कंदांशी त्याचा उगम जोडला जातो. त्याची खासियत अशी की, कंद नीट पोसलेला असला तर तो दोनदा दांडा काढतो: पहिलं फूल उतरणीला लागतं तोवर दुसरं, किंचित ठेंगणं, वर येतं. हंगाम लांबतो तो या दुसऱ्या फुलामुळे. पुंजका दाट होतो आणि वर्षानुवर्षं एका जागी राहतो. आतल्या पाकळीवर टोकाशी उलट्या 'व्ही'ची स्वच्छ खूण, आणि पातीच्या कडा किंचित दुमडलेल्या.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पुंजक्यातही 'फुलं संपली असं वाटतं आणि पुन्हा थोडी येतात'. म्हणजे 'स्ट्रॅफन' का? शक्य आहे, पण इथे घाई नको. दुसरा दांडा काढायची सवय फक्त त्याचीच नाही. प्लिकॅटसच्या रक्ताच्या जोमदार रोपांमध्ये ती इतरत्रही दिसते. येत्या मार्चमध्ये एक कंद मातीसकट काढून बघा: दोन्ही दांडे एकाच कंदातून, त्याच दोन पातींमधून निघालेत, की शेजारच्या पिल्लाने उशिरा फूल दिलंय? पिल्लांची फुलं मोठ्या कंदांच्या मागून येणं ही कुठल्याही दाट पुंजक्यातली रोजची गोष्ट आहे. दांडे खरंच एका कंदातले निघाले, तर खात्रीचा 'स्ट्रॅफन' जिथे असेल तिथून दोन फुलं मागून घ्या आणि शेजारी ठेवून बघा. ओळख शेवटी अशीच पटते. वर्णन वाचून पटवलेली ओळख अंदाज असतो, आणि तसाच तो लेबलवर लिहावा.

बाकीची नावं भराभर सांगतो. 'वॉरम' हा इंग्लंडच्या नॉरफकमधल्या वॉरम गावचा, मोठ्या फुलांचा प्लिकॅटस. त्याचाही संबंध क्रिमियन युद्धाशी सांगतात. पण 'वॉरम' नावाखाली आज जे फिरतं ते सगळं एकच झाड नाही, त्यामुळे नुसत्या लेबलवर जाऊ नका. 'वॉशफिल्ड वॉरम' त्याहून वेगळा, उशिराचा आणि माझ्या मते जास्त चांगला: भरदार पाकळ्या आणि रुंद, दुमडलेली पात. 'बॅक्सेंडेल्स लेट'च्या नावातच त्याची वेळ सांगितलेली आहे. दुहेरी, म्हणजे आत जादा पाकळ्या असलेल्या फुलांमध्ये 'हिल पो' हा आयर्लंडच्या टिपरेरीत १९११च्या सुमारास सापडलेला, बुटका, नीटस आणि उशिराचा. बाहेर बहुधा पाच पाकळ्या, आणि आत घट्ट गुंफलेल्या पाकळ्या. तो एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही. याउलट हेरिक ग्रेटोरेक्स यांनी नॉरफकमध्ये तयार केलेली, शेक्सपिअरच्या नायिकांची नावं घेऊन फिरणारी दुहेरी फुलं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की, 'हिप्पोलिटा' की 'जॅकनेटा' हा वाद मी कधीच घालत नाही.

आणि खरे उशिराचे राजे रानटी आहेत. प्लॅटिफायलस कॉकेशसच्या उंच कुरणांवर वाढतो. तिथे बर्फ वितळल्यावर, वसंत सरत आला असताना तो फुलतो. रुंद हिरवी पात, गुंडाळलेले कोंब, आणि आतल्या पाकळीला टोकाशी जवळजवळ खाच नाही. क्रॅस्नोवीही कॉकेशस आणि ईशान्य तुर्कस्तानच्या भागातला. त्याच्या आतल्या पाकळ्यांनाही खाच नसते आणि टोक अणकुचीदार असतं. कागदावर दोघेही मोह पाडतात. प्रत्यक्षात सखल बागेत ते रुसतात, कारण बर्फाखालची लांब स्थिर थंडी आणि नंतरचा ओला, गार उन्हाळा त्यांना मिळत नाही. कुंडीत, सावलीत, उन्हाळ्यातही माती अजिबात सुकू न देता वाढवायची तयारी असेल तरच त्यांच्या नादी लागा. हंगाम लांबवण्यासाठी तुम्हाला त्यांची गरज नाही.

आता लागवडीकडे, कारण उशिराच्या जातींचं खरं दुखणं तिथे आहे. स्नोड्रॉप लावायची नेहमीची कृती बहुतेकांना माहीत असते: पानझडी झाडांखालची जागा, कुजलेल्या पाल्याने हलकी झालेली, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती, आणि ८ ते १० सेंटीमीटर खोली. थंडीचे निदान काही सलग आठवडे नसतील तर हा उद्योगच करू नये, हे वेगळं सांगायला नको. उशिराच्या जातींनाही हेच सगळं लागतं. पण त्यांच्याकडे वेळ कमी असतो.

कंद पुढच्या वर्षीचं फूल या वर्षीच्या पातीवर तयार करतो. जानेवारीत फुलणाऱ्या जातीची पात फुलानंतर तीन-चार महिने उन्हात असते. मार्चअखेर फुलणाऱ्या जातीला मात्र जेमतेम सहा-आठ आठवडे मिळतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत वर झाडं पालवतात, खाली बारमाही झुडपं अंगावर येतात, आणि वरचा मातीचा थर सुकायला लागतो. उशिराची जात पहिल्या वर्षी छान फुलली आणि मग दरवर्षी बारीक होत गेली, अशी तक्रार आली की मी खताआधी हेच विचारतो: एप्रिल-मेमध्ये तिच्यावर काय वाढतं?

म्हणून झाड निवडायचं ते उशिरा पालवणारं. अक्रोड, ॲश, ओक यांच्याखाली मे महिन्यापर्यंत उजेड पोचतो. हॉथॉर्नसारखं मार्चमध्येच हिरवं होणारं झाड लवकरच्या जातींना चालेल, उशिराच्यांना नाही. शेजारीसुद्धा तसेच बघून घ्यायचे. हेलेबोरची पानं, ब्लूबेल, सेलंडाइनचा गालिचा आणि क्रेन्सबिलची नवी फूट हे सगळे नेमक्या वेळी स्नोड्रॉपची पात झाकून टाकतात. ब्लूबेल तर मुळीच जवळ नको. फर्न मात्र चालतात, कारण त्यांची नवी पानं उलगडतात तोवर स्नोड्रॉपचं काम उरकत आलेलं असतं. गवतात लावणार असाल तर पात आपणहून पिवळी पडून आडवी होईपर्यंत गवत कापायचं नाही. उशिराच्या जातींसाठी हे जूनवर जातं, आणि घरात कोणाला कापलेलं हिरवंगार गवत आवडत असेल तर आधीच बोलून घ्या.

पाणीही याच काळात घालायचं. एप्रिल कोरडा गेला तर आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोचेल असं पाणी द्या. यामुळे पात दोन आठवडे जास्त टिकते, आणि ते दोन आठवडे कोणत्याही खतापेक्षा मोलाचे. खत द्यायचंच असेल तर फूल संपता-संपता पोटॅश जास्त असलेलं, पातळ करून. शेणखत ताजं नको, आणि नत्र भरपूर असलेलं काहीच नको. पात मऊ लुसलुशीत होते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

उशिराच्या जातींना आणखी एक शत्रू जास्त सतावतो: नार्सिसस माशी. दिसायला छोट्या भुंग्यासारखी, मे-जूनच्या उबदार दिवसांत उडते आणि सुकत चाललेल्या पातीच्या बुडाशी अंडी घालते. अळी खाली जाऊन कंद आतून पोखरते. लवकरच्या जातींची पात तोवर बहुतेक नाहीशी झालेली असते, उशिरांची उभी असते. माशीला ऊन आणि ऊब लागते, म्हणून सावलीतला पुंजका बराच सुरक्षित. तुमचं उत्तरेचं कुंपण इथे फायद्याचं आहे. उघड्यावर लावलेल्या महागड्या कंदांवर मेच्या सुरुवातीपासून बारीक जाळी टाकून ठेवा, आणि पात वाळल्यावर उरलेलं भोक मातीने बुजवा.

बुरशी दोन. मऊ, ओल्या हिवाळ्यात कोंबांवर राखाडी लव दिसली तर बोट्रायटिस. तो कोंब आणि कंद लगेच मातीसकट काढून घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पातीच्या टोकांपासून तांबूस-तपकिरी करपा उतरू लागला तर स्टॅगोनोस्पोरा. तोही दाट, वर्षानुवर्षं न फोडलेल्या पुंजक्यात वेगाने पसरतो. पातीवर पिवळे पट्टे उमटले आणि झाड खुरटलं, तर विषाणू समजा. तो बरा होत नाही.

पुंजका फोडायचा कधी, यावर माळ्यांची दोन मतं आहेत. फूल संपल्यावर हिरव्या पातीसकट काढून लावायची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि साध्या निवालिसला ती चालून जाते. पण स्नोड्रॉपचं मूळ एकदा तुटलं की त्या हंगामात नव्याने फुटत नाही. लवकरच्या जातीला हा धक्का पचतो. उशिराच्या जातीच्या सहा आठवड्यांतून तुम्ही मुळंच काढून घेतलीत, तर पुढच्या वर्षी फूल मागू नका. मी उशिराच्या जाती पात पिवळी पडू लागल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये काढतो. त्या वेळी कंद भरलेला असतो, मुळांचं काम झालेलं असतं आणि कंद कुठे आहेत ते वाळत्या पातीवरून दिसतंही. काढल्याबरोबर लावायचे, वाऱ्यावर सुकू द्यायचे नाहीत. फार घाई असेल तर मार्चमध्ये फावड्याने मोठा गोळा मातीसकट उचला आणि तसाच्या तसा दुसरीकडे बसवा, सुटा करू नका.

दुर्मीळ प्रकार लवकर वाढवायचा असेल तर कंद चिरून वाढवता येतो: जून-जुलैमध्ये सुप्त कंद बुडाच्या चकतीचा तुकडा प्रत्येकाला राहील असा ८ ते १६ फाकांत कापायचा, बुरशीनाशक लावून ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारा हलका खनिज भुसा) पिशवीत साधारण २० अंशांवर ठेवायचा, काही आठवड्यांत फाकांवर बारीक कंद धरतात. फुलायला पुढे तीनेक वर्षं. तुमच्या अनामिक पुंजक्यासाठी हा खटाटोप करू नका, तो स्वतःच भराभर वाढतो आहे.

बियांकडे मात्र लक्ष हवं. उशिराच्या फुलांच्या वेळी मधमाश्या आणि भुंगे जास्त फिरतात, त्यामुळे प्लिकॅटसच्या रक्ताचे प्रकार भरपूर बी धरतात, आणि मुंग्या ते बी इकडेतिकडे नेतात. बी पेरून फूल यायला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे घुसखोरी झाली आहे हे फार उशिरा लक्षात येतं. नावाचा पुंजका नावासारखा ठेवायचा असेल तर फूल सुकल्यावर बीजकोश खुडून टाका. कुंपणालगतच्या पुंजक्यात मला फोटोत दोन वेगळ्या खुणांची फुलं दिसतात: काहींची खूण अरुंद 'व्ही', काहींची रुंद आणि वर पसरलेली. याचा अर्थ तिथे आधीच एकाहून जास्त झाडं मिसळली आहेत. येत्या मार्चमध्ये दोन्ही प्रकारच्या फुलांच्या बुडाशी वेगवेगळ्या रंगांच्या काड्या खोचा, आणि जूनमध्ये ते वेगळे लावा. नाव देण्याची पहिली पायरी तीच आहे.

नवीन कंद घेताना शरदातल्या सुक्या पाकिटांपासून जपून. स्नोड्रॉपच्या सगळ्या प्रजाती साइट्स कराराच्या, म्हणजे रानटी वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तुर्कस्तान आणि जॉर्जियामधून एल्वेसी आणि वोरोनोवीचे कंद ठरावीक कोट्यानुसार निर्यात होतात, आणि पाकिटावर निवालिस लिहिलेलं असताना आत एल्वेसी निघणं नवीन नाही. त्यातले पुष्कळ आधीच वाळून गेलेले असतात. स्नोड्रॉपचा कंद कांद्याच्या कंदासारखा महिनोन्महिने कोरडा राहू शकत नाही. उशिराच्या जाती कुंडीत वाढलेल्या घ्या, आणि शक्यतो फुलात असताना, मार्चमध्ये जाऊन घ्या, म्हणजे उशीर आणि खूण दोन्ही डोळ्यांनी बघता येतात. दुर्मीळ नावांच्या मागे मात्र लागू नका. २०२२ मध्ये 'गोल्डन टिअर्स'चा एकच कंद लिलावात १,८५० पौंडांना गेला. त्या पैशांत 'स्ट्रॅफन'चा अख्खा वाफा होईल, आणि तो मार्चभर फुलेल.

सुरुवात करायची तर एक 'स्ट्रॅफन', एक 'वॉशफिल्ड वॉरम' आणि दुहेरी आवडत असेल तर 'हिल पो' घ्या. ते तुमच्या अनामिक पुंजक्याच्या जवळ, पण काखेत बसतील इतके जवळ नाही, निदान दोन-तीन पावलं सोडून लावा. लेबल जमिनीत पुरून ठेवा, वर ठेवलेलं पक्षी उपटतात. पुंजक्याच्या स्वतःच्या लेबलवर तोवर 'उत्तर कुंपण, उशिराचा, पात अर्धी दुमडलेली' एवढंच लिहा. कोंबाचा फोटो मिळाला की पाठवा. दोन दांड्यांचं काय निघालं तेही कळवा.